वहींतील नऊ पानें

संशोधन हा शब्द अलीकडे फारच सैल हातानें वापरला जाऊं लागला आहे. आमच्या विद्यार्थिदशेंत हा शब्द कानीं पडला कीं डोळ्यांपुढें येई ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या मंदिरांतील पोथ्यांची रास, आणि तिच्यावर वांकून पाठभेद टिपून घेणारी एखादी कृश मूर्ति. त्या संशोधनाचा विषय बोलत नसे, त्यामुळें त्याची तक्रार येण्याचा संभव नव्हता. आतां काळ पालटला. आमच्या गोंदिया जिल्ह्यांत दिवाळी आटोपून धानाची कापणी झाली कीं पाठीवर पिशव्या घेतलेले तरुण-तरुणी गांवोगांव दिसूं लागतात. घरांत माणसें किती, चूल लांकडावर पेटते कीं गॅसवर, रानांतून काय आणतां, तलावांत कोणते मासे मिळतात, दहा वर्षांपूर्वीं किती मिळत होते, असे प्रश्न ते विचारतात आणि उत्तरें हातांतल्या मोबाइलांत भरून घेतात. कशासाठीं म्हणून विचारलें तर सांगतात, विकसनशील देशांतील समाज व परिसर यांचा परस्परसंबंध हा आमच्या अभ्यासाचा विषय आहे.

‘विकसनशील’ या शब्दाविषयीं जातां जातां एक बोलून घेतों. शिक्षकाची खोड आहे, वाचकांनीं क्षमा करावी. ‘शील’ हें पद स्वभावाचें वाचक आहे. दानशील तो, ज्याचा दान करणें हा स्वभाव. तो एके दिवशीं दान पुरें झालें म्हणून थांबत नाहीं. त्या न्यायानें विकसनशील देश म्हणजे जो सदैव विकसित होतच राहतो आणि विकसित होऊन कधींच चुकत नाहीं असा. शब्द बनविणारानें एवढा विचार केला नसावा. पण शब्द फसला नाहीं असें आम्हांस अनेकदां वाटतें.

असो. या मुलांवर आमचा राग मुळींच नाहीं. तीं उन्हांत हिंडतात, मिळेल तें पाणी पितात, आणि आमच्या ओसरीवर बसून आमच्या कुटुंबाच्या हातचे पोहे आवडीनें खातात. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्यांतील बहुतेक पुन्हां येत नाहींत. येथें ऐकलेल्या गोष्टींचा कोठें तरी ग्रंथ होतो, त्यावर कोणास तरी पदवी मिळते, आणि ज्यांनीं गोष्टी सांगितल्या त्यांस त्या ग्रंथाचा पुठ्ठाही दिसत नाहीं. याहून निराळ्या रीतीनें झालेलें काम आम्हांस आमच्याच तालुक्यांत पाहावयास मिळालें, व उतारवयांत त्यांत थोडा हातही घालतां आला. त्याची हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

पुण्यामुंबईच्या वाचकांस हा मुलूख फारसा ठाऊक नसेल. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी या येथल्या नद्या. धान हें मुख्य पीक. आणि तलाव हें येथलें खरें वैभव. पूर्व विदर्भांत असे जुने तलाव सहा-सात हजार असल्याची गणती आहे. ते बांधणारांत कोहळी समाजाचें नांव पहिलें. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असतां या लोकांस आपल्याबरोबर घेऊन आला अशी त्यांच्यांत कथा आहे. कथा खरी असो वा नसो, जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखालील जमीन सवलतीनें द्यावयाची हें गोंड राजांचें धोरण मात्र फळास आलें. नवेगांवबांधचा प्रचंड जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. भोंवतालच्या टेकड्यांस सात बहिणी म्हणतात, त्या बहिणींनीं कोलूस बांध पुरा करण्यास साहाय्य केलें असें लोक सांगतात, आणि खुद्द कोलू पाटील कोलासुर देव होऊन तेथल्याच एका शिखरावर बसला आहे. पाटबंधाऱ्याच्या इंजिनिअराचा देव झाल्याचें दुसरें उदाहरण आमच्या ऐकिवांत नाहीं.

या तलावांची रचना एकदां समजून घेतली कीं बांधणारांविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं. मातीच्या बांधास येथें पार म्हणतात. पाणी सोडण्याचें दार तें तुडूम; त्यास निरनिराळ्या उंचीवर भोंकें असतात, व पाण्याची पातळी उतरेल तसतसें वरचें झाल्यावर खालचें उघडावयाचें. पावसाळ्यांत जादा झालेलें पाणी ज्या वाटेनें निघून जातें ती सलंग. वरच्या तलावाच्या सलंगेतून निघालेलें पाणी खालच्या तलावांत, तेथून लहानशा बोडींत, आणि शेवटीं धानाच्या बांध्यांत. माथ्यावर रान राखलेलें असे, म्हणजे गाळ कमी येई. एका थेंबास चार ठिकाणीं काम लावून मग त्याला नदीकडे जाण्याची परवानगी मिळे.

पुढें हे तलाव मालगुजारांच्या ताब्यांत गेले. मालगुजार कांहीं देवमाणूस नव्हता. वेठ घेत असे, हें आम्हीं आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलें आहे. पण तलाव फुटला तर त्याचेंही धान बुडे, म्हणून उन्हाळ्यांत गाळ निघे व पारीवर माती पडे. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. वेठ गेली हें उत्तमच झालें. पण तिच्याबरोबर तलावाचा वालीही गेला. सरकारी दप्तरांत आतां त्यांचें नांव ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि त्याचा संक्षेप ‘मामा तलाव’. मामाच्या घरीं सर्वांनीं खावें-प्यावें, पण घर शाकारण्याचें कोणीच मनावर घेऊं नये, अशी या तलावांची गत झाली.

तलावाविषयीं जे बोलतात ते बहुधा पाण्याविषयीं बोलतात. पाणी किती सांठलें व किती एकरांस पुरलें. पण तलावावर जगणारा आणखी एक समाज आहे, ढिवरांचा. त्यांची शेती म्हणजे तें पाणीच. संस्कृतांतील धीवर तोच हा. धी म्हणजे बुद्धि व तींत जो वर म्हणजे श्रेष्ठ तो धीवर, असा विग्रह कोणी कोणी करतात; व्याकरणास तो मानवेल असें आम्हांस वाटत नाहीं, परंतु अर्थाविषयीं आमची हरकत नाहीं. महाभारतकार व्यासांची माता सत्यवती धीवरांच्याच घरीं वाढली. तथापि व्यासांनंतर या समाजास कोणीं कांहीं विचारल्याचें फारसें दिसत नाहीं.

येथें जुन्या संशोधनाची एक आठवण दिली पाहिजे. रसेल साहेब आणि रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर लिहिलेला चार भागांचा इंग्रजी ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कोहळ्यांविषयीं आहे, ढिवरांविषयींही आहे. ग्रंथ मोठा आहे, मेहनतीचा आहे, आणि आजही चाळावा असा आहे. त्याच्या तळटीपा आम्हीं विशेष आवडीनें पाहिल्या, कारण तेथें माहिती पुरविणारांचे आभार मानले आहेत, आणि त्यांत तहसीलदार, शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर यांच्या जोडीला शाळामास्तरांचींही नांवें येतात. आमच्या धंद्याच्या माणसाचें नांव अशा ग्रंथांत पाहून आम्हांस संतोष झाला, हें कशास लपवावें? पण मग विचार आला कीं, त्या मास्तरास ही माहिती कोणीं सांगितली? कोणी तरी ढिवर त्याच्या ओसरीखालीं उकिडवा बसून तासन् तास बोलला असेल. त्याचें नांव तळटीपेंतही नाहीं. साहेबानें मास्तरापर्यंतची पायरी मोजली. त्याखालची पायरी मास्तरानें मोजावयास हवी होती.

या बाबतींत मारुती चितमपल्ली यांचें उदाहरण निराळें आहे. जन्म सोलापूरचा, नोकरी वनखात्याची, आणि आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें आमच्या नवेगांवबांधच्या रानांत व जलाशयाकाठीं गेलेलीं. ‘नवेगांवबांधचे दिवस’ हें त्यांचें पुस्तक येथल्या पुष्कळ घरीं आहे. संस्कृत ग्रंथांतील पक्ष्यांचीं नांवें आणि रानांतल्या माणसांच्या तोंडचीं नांवें हीं दोन्ही त्यांनीं सारख्याच आदरानें टिपलीं, व नवेगांवचे माधवराव पाटील यांच्याकडून आपण काय शिकलों हें ठिकठिकाणीं नांवानिशीं लिहून ठेविलें. २००६ च्या सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें, आणि २०२५ च्या जून महिन्यांत ते निवर्तले. आम्ही त्यांस कोणत्याही विद्यापीठाच्या पंडिताहून कमी मानीत नाहीं.

आतां मुख्य हकीकतीकडे वळतों. भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ या नांवाची एक मंडळी आमच्या बाजूस कांहीं वर्षें काम करीत आहे, श्री. मनीष राजनकर हे तिचे चालक. त्यांनीं तलावांचा अभ्यास आरंभिला तो ढिवरांस बरोबर घेऊन. आधीं प्रश्नपत्रिका छापून मग माणसें शोधावयाचीं हा क्रम त्यांनीं ठेविला नाहीं. तलावांतली मासळी का घटली हा प्रश्न ढिवरांचाच होता, आणि त्याचें निम्मेंअधिक उत्तरही त्यांच्यापाशींच होतें. पहिलें कारण, बेशरम. हें नांव आम्हीं दिलेलें नाहीं. दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या त्या फिक्या जांभळ्या फुलांच्या झुडपास विदर्भांत सगळे हेंच म्हणतात. कापलें तरी फुटतें, गुरें खात नाहींत, पाण्यांत वाढतें, कोरड्यांतही वाढतें. तलावाच्या कांठचा उथळ भाग, जेथें मासे अंडीं घालतात आणि पक्षी चरतात, नेमका तोच हें व्यापून बसतें. दुसरें कारण, बाहेरून आणून सोडलेले मासे. रोहू, कतला, मृगळ यांचें बीज सहकारी सोसायट्यांनीं तलावांत सोडलें त्याला दोन पिढ्या होऊन गेल्या; त्यांतून उत्पन्न मिळतें हें खरेंच आहे. पण पुढें जीं आणखी परदेशी बीजें आलीं त्यांत गवत खाणारा मासाही आला, आणि तलावाच्या तळाशीं असलेलीं पाणवनस्पतींचीं कुरणें त्यानें फस्त केलीं. देशी मासा त्या वनस्पतींवर अंडीं चिकटवितो, त्यांच्या आडोशास पिलें वाढतात. कुरण गेलें, मासा गेला.

मग उन्हाळ्यांत पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट उपटून काढावें, तळाची माती नांगरून मोकळी करावी, आणि पाऊस पडल्यावर जेथें अद्याप देशी पाणवनस्पति टिकून आहेत अशा तलावांतून त्यांचीं रोपें आणून लावावींत असें ठरलें. पाण्यांत गवत लावणारे लोक पाहून शेतकरी प्रथम हंसले. निमगांवच्या शालू कोल्हे यांनीं बायकांस एकत्र करून हें काम पुढें नेलें. ढिवरांच्या बाया मासळी विकत, पण ग्रामसभेंत बोलत नसत. त्या बोलूं लागल्या. कांहीं वर्षांत गेलेले मासे परत दिसूं लागले, पक्षीही आले. संशोधन या शब्दांतील धातु ‘शुध्’ असून त्याचा अर्थ स्वच्छ होणें हा आहे. शब्दाचा मूळ अर्थ इतक्या अक्षरशः पाळलेला आम्हीं दुसरीकडे पाहिला नाहीं.

आमचा या कामाशीं संबंध आला तो जैवविविधता नोंदवहीच्या निमित्तानें. गांवांतील झाडें, मासे, पांखरें, बियाणें व त्यांविषयींचें लोकांचें ज्ञान यांची नोंद गांवानेंच करावी ही कल्पना माधव गाडगीळ व त्यांचे सहकारी यांनीं १९९० नंतरच्या दशकांत पुढें आणली. २००२ च्या जैवविविधता कायद्यांत तिला स्थान मिळालें. आपल्या राज्याचें जैवविविधता मंडळ २०१२ सालीं नागपूर येथें स्थापन झालें. कल्पना उत्तम. परंतु पुष्कळ ठिकाणीं वर्षांनुवर्षें कांहींच झालें नाहीं, तेव्हां राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली व पुढील विलंबाबद्दल राज्यांस दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असें बजावलें. मग जें व्हावयाचें तें झालें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं विद्यार्थी काय करतात हें आम्हीं छत्तीस वर्षें पाहिलें आहे.

आमच्या गांवची वही करण्याचें काम कोणास दिलें होतें तें सांगण्याचें कारण नाहीं. दोन गृहस्थ एका दुपारीं मोटरसायकलीवरून आले, पंचायतीच्या कचेरींत बसून चहा प्याले, दोघांचौघांस विचारलें, आणि पंधरा दिवसांनीं सुबक बांधणीची वही आली. तींत आमच्या गांवच्या मासळीच्या यादींत बोंबील होते! बोंबील आमच्या गांवीं मिळतात हें खोटें नव्हे. पण ते आठवडी बाजारांत, आणि सुके. समुद्र आमच्यापासून कांहीं शें कोस दूर आहे. उलट मागुराचें नांव त्या यादींत नव्हतें. ती वही ढिवरांच्या एका वृद्धास आम्हीं वाचून दाखविली, तेव्हां तो हंसला नाहीं. म्हणाला, “गुरुजी, उद्या आमचा तलाव कोनी घेतला, तं ह्या वहींत पाहून म्हनतील का तुमचा मासा यांत हायेच नाही.” आम्ही हंसत होतों तें थांबलों. मग तोच म्हणाला, “आपली वही आपनच लिवू जी.”

अशी ही वही सुरू झाली. नवव्या इयत्तेंतील दोन मुली लेखनिक. आम्ही शुद्धलेखनापुरते. बैठक आठवड्यांतून दोनदां आमच्याच ओसरीवर. आमच्या कुटुंबानें पहिल्याच दिवशीं नियम घालून दिला कीं, मासळी वहींत हवी तेवढी आणा, ओसरीच्या पलीकडे आणूं नका. पुढें रानभाज्यांचा विषय निघाला तेव्हां तरोटा कोणत्या पावसानंतर खुडावा, कुड्याचीं फुलें व वास्ते कसे करावेत यावर ढिवरांच्या बायकांशीं तिचीच चर्चा इतकी रंगली कीं त्या दिवशीं आम्हांस चहा मिळाला नाहीं. वहींत तरोट्याच्या नोंदीपुढें तिचें नांव आहे. आम्हीं आग्रह धरला तो या एकाच गोष्टीचा: प्रत्येक नोंदीपुढें ती कोणीं सांगितली त्याचें नांव लिहावयाचें. रसेल साहेबांच्या तळटीपेंतील ती राहिलेली पायरी.

अमरकोश आम्हांस लहानपणीं पाठ करविला होता. त्याच्या वारिवर्गांत तडाग, कासार, सरसी, पल्वल असे जलाशयाचे भेद येतात आणि माशांचीही एक लांब माळ येते. रोहित म्हणजे रोहू, मद्गुर म्हणजे मागूर, शृंगी म्हणजे शिंगी, हें पाहून आम्हांस मोठी मौज वाटली. दीड हजार वर्षांपूर्वींचे शब्द ढिवराच्या टोपलींत तडफडत होते! मात्र कोशकारानें शृंगी ही मद्गुराची प्रिया म्हणजे मादी सांगितली आहे. आम्हीं तें सांगतांच सगळी बैठक हंसून लोटपोट झाली. “नाही जी गुरुजी! मागूर येगरा, शिंगी येगरी. दोघांचीं लेकरं येगरीं.” मग एकानें दुसऱ्या दिवशीं दोन्ही मासे घमेल्यांत घालून अंगणाच्या कडेस आणून दाखविले. मागुराच्या पाठीवरचा पर लांबलचक, शिंगीचा नखाएवढा. शास्त्रज्ञही त्यांस दोन निराळ्या कुळांत घालतात. अमरसिंहाविषयींचा आमचा आदर तिळमात्र कमी झाला नाहीं. पण त्यास कोणी ढिवर भेटला असता तर बरें झालें असतें. आम्हीं वहींत दोन्ही मतें लिहविलीं, एक कोशाच्या नांवें व दुसरें घमेलें आणणाराच्या.

अशा नोंदी किती तरी. मरळीचीं नर-मादी आपल्या पिलांच्या थव्याची राखण करीत हिंडतात, त्या दिवसांत त्यांस धरूं नये. पहिल्या पावसांत मासे सलंगेच्या प्रवाहाविरुद्ध वर चढतात, तेव्हां सलंगेस आडवें जाळें लावणें म्हणजे बियाणें भाजून खाणें. एका वृद्ध बाईनें सांगितलें कीं, ज्या तलावाच्या कांठीं देवधान, म्हणजे आपोआप उगवणारें रानटी भात, राहिलें आहे तेथें सारस उतरतो. सारसाची गोष्ट येथें थोडी सांगतों, कारण महाराष्ट्रांत हा पक्षी आज मुख्यतः आमच्याच जिल्ह्यांत आढळतो. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था शेतकऱ्यांच्या साहाय्यानें दर जून महिन्यांत पहाटे त्यांची मोजणी करते. चाळिशीच्या घरांत पोंचलेली संख्या अलीकडे तिशीच्या आसपास उतरली. विजेच्या तारा व शेतांतील विषारी औषधें हीं कारणें सांगतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२१ सालीं आपण होऊन या प्रश्नाची दखल घेतली. वाल्मीकींच्या शोकाला कारण झालेला क्रौंच म्हणजे हा सारसच असें ज्यूलिया लेस्ली या विदुषीनें १९९८ सालीं एका निबंधांत प्रतिपादिलें आहे. जोडीनें राहणारा, जोडीदार गेला तर आक्रोश करणारा हा पक्षी आम्हीं धानाच्या बांधीत पाहिला असल्यामुळें आम्हांस तें मत पटतें. त्या बाईस आम्हीं रामायणांतील प्रसंग सांगितला. ती म्हणाली, तो पारधी कोणत्या गांवचा होता?

वही होत आली आणि नऊ पानांचा प्रश्न उभा राहिला. उन्हाळ्यांत पाणी आटत आलें म्हणजे मागूर व मरळ कोणत्या तलावाच्या कोणत्या कोपऱ्यांत, कोणत्या चिखलांत दडतात, आणि पाऊस पडल्यावर कोठें अंडीं घालतात, हें सर्व त्या पानांत तलाववार लिहिलें होतें. मागुरास व मरळीस बाजारांत भाव चांगला. हीं पानें ज्याच्या हातीं पडतील त्यास एका उन्हाळ्यांत तालुक्याची देशी मासळी उपसून नेतां येईल. याच सुमारास एका विद्यापीठांतील विद्यार्थिनी आमच्याकडे आली. मुलगी हुशार, विनयी, आणि विशेष म्हणजे तिसऱ्यांदां आलेली. तिला प्रबंधासाठीं वहीची नक्कल हवी होती. ज्ञान झांकून ठेवणें बरें नव्हे, छापलें गेलें तर सरकार त्या जागांस संरक्षण देऊं शकेल, असें ती म्हणाली. आणि तिच्या बोलण्यांत तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणणार नाहीं.

ढिवरांची सभा समाजमंदिरांत भरली. तरुण मंडळी नक्कल द्यावी या मताची होती. त्यांचें म्हणणें, कागदावर नसलेलें सरकार मानीत नाहीं. म्हातारे म्हणाले, कागदावर असलेलें सगळे वाचतात. दोन तास झाले. आम्हांस मत विचारलें, तेव्हां आम्हीं तें दिलें नाहीं. पाणी त्यांचें, मासा त्यांचा, पोट त्यांचें. पण मनांत जें आलें तें या मासिकाच्या वाचकांपाशीं बोलण्यास हरकत नाहीं. आमच्या पूर्वजांनीं विद्येचे दरवाजे पुष्कळांस बंद ठेविले, आणि अनधिकाऱ्याच्या हातीं ती पडली तर अनर्थ होईल असें कारण सांगितलें. आम्हीं संस्कृत शिकलों तें त्या दरवाजाच्या आंतल्या बाजूस बसून. त्या दिवशीं समाजमंदिराच्या सतरंजीवर आम्ही प्रथमच बाहेरच्या बाजूस बसलों होतों, आणि आंतले लोक अनधिकारी कोण याचा विचार करीत होते. फरक एवढा कीं, विद्या दिल्यानें आमच्या पूर्वजांच्या घरचें कांहीं उणें होणार नव्हतें. यांचा तलाव रिकामा होणार होता.

शेवटीं ठराव झाला. बाकीची सर्व वही विद्यार्थिनीस द्यावी. सांगणारांचीं नांवें ग्रंथांत यावींत. ग्रंथाचा मराठी सारांश तिनें गांवास पाठवावा. आणि नऊ पानें देऊं नयेत. विद्यार्थिनीनें तें मान्य केलें. तिचे डोळे थोडे भरून आले होते, पण तिनें वाद घातला नाहीं. पानें फाडून वेगळीं ठेवावींत असें कोणी सुचविलें, तेव्हां देवधानाची नोंद सांगणारी ती वृद्ध बाई उठली, कनवटीची सुई काढली, आणि जाळें विणण्याच्या दोऱ्यानें तीं नऊ पानें तिन्ही कडांनीं शिवून टाकलीं. टांके जाळ्याच्या गांठीचे आहेत. ढिवराखेरीज दुसऱ्यास ते तसेच पुन्हां घालतां येणार नाहींत, म्हणजे कोणीं उसवलें तर कळेल.

पुढच्या पावसाळ्यांत टपालानें सारांश आला. बत्तीस पानांचा, स्वच्छ मराठींत, शेवटीं एकेचाळीस नांवें. आम्हीं तो सभेंत मोठ्यानें वाचला. दोन चुका निघाल्या. एका तलावाचें नांव दुसऱ्यास लागलें होतें. आणि शिंगीच्या कांट्याचें विष किरकोळ असतें असें तिनें लिहिलें होतें, तें ऐकतांच चौघांनीं आपापले हात पुढें करून जुने वण दाखविले. त्या चौघांचीं नांवें व कोणास किती दिवस ताप आला होता तें लिहून आम्हीं तिला त्याच दिवशीं पत्र टाकलें.